सेफ्टी व्हॉल्व्ह: बॉयलर हाउसमध्ये नवीन आलेल्यांसाठी पायरी-पायरीने

आयटीआय करून फिटर म्हणून मी पहिल्यांदा बॉयलर हाउसमध्ये पाय ठेवला, तेव्हा बॉयलरच्या डोक्यावर बसलेल्या दोन ठेंगण्या सेफ्टी व्हॉल्व्हांबद्दल मला एवढंच सांगण्यात आलं: "त्यांना हात लावू नकोस, बाबा." सांगणारे काका तीस वर्षांचे मुरलेले अटेंडंट होते आणि त्यांचा सल्ला चुकीचा नव्हता. पण हात का लावायचा नाही, आणि कधी लावावाच लागतो, हे उमगायला माझी बरीच वर्षं गेली. गोव्यात कुंडई, वेर्णा, कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतींत, सत्तरी-डिचोलीकडच्या काजू कारखान्यांत किंवा एखाद्या हॉटेलच्या लाँड्रीत तुम्ही नुकतेच लागला असाल, तर ती वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्लांटमध्ये गेज, प्रेशर स्विच, अलार्म, पॅनेल असं पुष्कळ काही असतं. त्यातल्या बहुतेकांना वीज लागते, नाहीतर माणूस लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हला, म्हणजे दाब हद्दीबाहेर चढला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या झडपेला, दोन्ही लागत नाही, तो फक्त दाबावर चालतो. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा माणसानेच बिघडवलेला असतो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागद:
- बॉयलरचं चालू प्रमाणपत्र. त्यावर जास्तीत जास्त किती दाबाला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं
- व्हॉल्व्हबरोबर आलेलं उत्पादकाचं प्रमाणपत्र. बॉयलरच्या व्हॉल्व्हसाठी ते 'फॉर्म थ्री-सी' या नावाने ओळखलं जातं
- मागच्या टेस्टचा दाखला, आणि त्या टेस्टला वापरलेल्या गेजचाही कॅलिब्रेशन दाखला
- त्या मॉडेलचं माहितीपुस्तक आणि शिफ्टचं लॉगबुक

हत्यारं: मापाचे रिंग पाने, योग्य दर्जाचं गॅस्केट, टेंपरेचर गन, चामडी हातमोजे, चष्मा, कानाचे मफ आणि लाल टॅग. मफ विसरू नका. व्हॉल्व्ह उडाला, म्हणजे उघडून वाफ सोडायला लागला, की जवळ उभं राहणाऱ्याच्या कानात दिवसभर घणघणत राहतं.

१. आधी घरचा कुकर नीट बघा

कुकरची शिट्टी हा वजनावर चालणारा सेफ्टी व्हॉल्व्हच आहे. शिट्टी काढा आणि ती बसते त्या नळीचं भोक बघा. ते तीन मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो झाला की वाफ शिट्टीला ७० ग्रॅम जोराने वर ढकलते. म्हणजे शिट्टी साधारण तेवढ्याच वजनाची असेल तर ती तिथे उचलली जाईल. भोकाचं माप आणि वरचं वजन या दोन गोष्टींवर दाब ठरतो, तिसरं काही लागत नाही. डेनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं बंद भांडं मांडलं, त्या भांड्याला त्याने पुढे जी झडप बसवली तिचंही तत्त्व हेच होतं. फक्त तिथे वजन दांडीला टांगलेलं असायचं.

झाकणावर एक छोटी गोल चकतीही असते. तीही सेफ्टीच, पण वेगळ्या जातीची. भोकात भाताचं शीत अडकून शिट्टी तुंबली, तर तापमान वाढत जातं आणि त्या चकतीतला मऊ धातू वितळून वाफेला वाट करून देतो. एकदा वितळली की ती बदलावीच लागते. कारखान्यातली रप्चर डिस्क तशीच एकदाच कामाला येते: फाटते आणि संपते. वेर्ण्याला औषधांच्या प्लांटमध्ये लागलात तर रिअ‍ॅक्टरवर ती दिसेल.

२. स्प्रिंगचं गणित समजून घ्या

ही पायरी घाईने ओलांडू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

बॉयलरच्या व्हॉल्व्हमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग असते. खाली नोझल, म्हणजे वाफ येते ती नळी, तिच्या तोंडावर घासून आरशासारखी केलेली सीट, तिच्यावर झाकणासारखी डिस्क, डिस्कवर स्पिंडल ही दांडी, आणि स्पिंडलवर दाबून बसवलेली स्प्रिंग. समजा नोझलचा व्यास २० मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. व्हॉल्व्ह १०.५ किलो दाबाला उघडेल असा सेट केलेला असेल (हे त्याचं सेट प्रेशर; दाबाचा 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो), तर स्प्रिंग डिस्कला ३३ किलो जोराने खाली दाबून धरते, म्हणजे घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरहून थोडं जास्त. आता बॉयलर ९.५ किलोवर चालला आहे. वाफ खालून सुमारे ३० किलोने ढकलते आहे. डिस्क आणि सीट यांना एकमेकांवर दाबून धरायला उरले फक्त ३ किलो.

हा शेवटचा आकडा लक्षात राहू द्या. सेट प्रेशरच्या जितकं जवळ बॉयलर चालवाल, तितकी सीटवरची पकड ढिली पडते आणि व्हॉल्व्ह कुरकुरायला लागतो. म्हणून चालू दाब सेट प्रेशरपेक्षा निदान १० टक्के खाली ठेवायचा. प्रॉडक्शनवाले "अजून अर्धा किलो द्या" म्हणून फोन करतात, तेव्हा त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा. मी दाखवतो.

दाब १०.५ ला आला की डिस्क केसभर उचलली जाते. इथे गंमत सुरू होते. निसटलेली वाफ थेट बाहेर जात नाही, ती डिस्कच्या कडेखालच्या पोकळीत भरते. आता वाफेला ढकलायला आधीपेक्षा मोठं क्षेत्रफळ मिळालं. जोर एकदम वाढतो आणि डिस्क हळूहळू न उघडता टाण्णकन वर उडी मारते. कुकरची शिट्टी आणि हा व्हॉल्व्ह यांच्यातला खरा फरक इथे आहे. बंद होतानाही हेच मोठं क्षेत्रफळ आडवं येतं. दाब १०.५ च्या खाली आला तरी डिस्क बसत नाही, अजून थोडा उतरावा लागतो, वाफेच्या बॉयलरवर साधारण ५ टक्के. या फरकाला ब्लोडाउन म्हणतात.

सापळा: बॉयलर हाउसमध्ये 'ब्लोडाउन' म्हटलं की लोक तळाचं गढूळ पाणी सोडणं समजतात. व्हॉल्व्हचं ब्लोडाउन वेगळं, तळाचं वेगळं. फोनवर बोलताना पूर्ण शब्द वापरा.

पाण्यावर किंवा तेलावर बसणारा रिलीफ व्हॉल्व्ह अशी उडी मारत नाही. दाब जसजसा वाढेल तसा तो उघडत जातो. घरच्या गिझरवरचा व्हॉल्व्ह या जातीचा. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटराने फुगतं. खालच्या नळीतल्या नॉन-रिटर्नमुळे, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या झडपेमुळे, ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह टिपटिपतो. गिझर तापत असताना टिपटिपला तर तो त्याचं काम करतो आहे. त्या नळीला बूच मारू नका.

३. बॉयलर फुटतो म्हणजे काय होतं ते माहीत असू द्या

थोडक्यात सांगतो. १० बारवर बॉयलरमधलं पाणी १८४ अंशांवर असतं. ते पाणी राहतं ते केवळ दाबामुळे. शेल, म्हणजे बॉयलरचं बाहेरचं पोलादी कवच, फाटला की दाब गेला, आणि त्याच क्षणी त्या पाण्याचा सुमारे सहावा हिस्सा वाफ होतो. एक लिटर पाण्याची उघड्यावर सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. आता तुमच्या बॉयलरमध्ये किती हजार लिटर पाणी आहे ते बघा आणि हिशेब करा.

४. नेमप्लेट वाचा

व्हॉल्व्हच्या अंगावरची पत्र्याची पट्टी पुसून स्वच्छ करा. गोव्याच्या हवेत तिच्यावर दोन पावसाळ्यांत अक्षर दिसेनासं होतं, म्हणून फोटो काढून ठेवा आणि आकडे लॉगबुकात उतरवा: सिरियल नंबर, सेट प्रेशर, मापं, तासाला किती किलो वाफ सोडण्याची क्षमता, आणि कशासाठी बनवला आहे: वाफ, हवा की पाणी.

दोन गोष्टी ताडून बघायच्या. पहिली, सेट प्रेशर बॉयलरच्या प्रमाणपत्रावरच्या दाबापेक्षा जास्त नसावं. दुसरी, वाफ सोडण्याची क्षमता बॉयलर जास्तीत जास्त जितकी वाफ तयार करतो तिच्यापेक्षा कमी नसावी. दुसरी गोष्ट फार जण बघतच नाहीत. व्हॉल्व्ह बरोबर दाबाला उघडला, पण त्याचं तोंडच लहान असलं, तर उघडूनही दाब चढतच राहील.

सापळा, एककांचा: गेजवर पीएसआय, व्हॉल्व्हवर किलो, पॅनेलवर बार, असं खिचडीचं काम सर्रास दिसतं. १ बार म्हणजे १.०२ किलो, म्हणजे १४.५ पीएसआय. १५० पीएसआय म्हणजे १०.५ किलो. पाठ करा.

सापळा, नावाचा: आपल्याकडे 'पीआरव्ही' म्हटलं की स्टीमवाल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आठवतो, आणि तेलवाल्यांना दाब सोडणारा. दोन्हींची आद्याक्षरं एकच. स्टोअरला मागणी पाठवताना आद्याक्षरं लिहूच नका. आणि लक्षात ठेवा, दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढच्या लाइनवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. दाब कमी करणारा तो व्हॉल्व्ह उघडा अडकला तर १० किलोची वाफ ३ किलोसाठी बनवलेल्या भांड्यात शिरते.

५. बसवताना

व्हॉल्व्ह सरळ उभा, स्पिंडल वर. आडवा चालत नाही, डिस्क एका बाजूला झुकते.

खालची जोडणी जितकी आखूड तितकी बरी, आणि तिचं भोक व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहान नको. वाहत्या वाफेचा दाब या तुकड्यात सेट प्रेशरच्या ३ टक्क्यांहून जास्त पडू नये असा नियम पाळतात. कारण साधं आहे. व्हॉल्व्ह उघडला, वाफ धावली, अरुंद नळीत दाब पडला, व्हॉल्व्हला वाटलं काम झालं, तो मिटला. मिटताच दाब परत चढला, परत उघडला. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. त्याला चॅटरिंग म्हणतात, आणि हातोडीने सीट ठोकल्यासारखी तिची काही मिनिटांत वाट लागते. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कुठलाही बंद करायचा व्हॉल्व्ह नसावा. "दुरुस्तीला सोपं पडेल" म्हणून कोणी सुचवलं तरी नको.

बाहेरच्या पाइपचं वजन व्हॉल्व्हवर टांगू नका. त्याला भिंतीचा किंवा स्ट्रक्चरचा स्वतंत्र आधार द्या. नाहीतर बॉडी वाकते आणि सीट गळायला लागते. पाइपचं तोंड माणसं वावरतात तिथे नको.

आता पावसाचं. यात मी स्वतः पोळलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात होतो. बॉयलरवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह: एक १०.५ ला, दुसरा १०.८ ला. चवथीच्या सुट्टीनंतर बॉयलर पेटवला आणि वर्षाची टेस्ट घ्यायला दाब हळूहळू चढवला. १०.५ आला, पहिला गप्प. १०.६, गप्प. गेजकडे बघत असताना माझ्या तळहाताला घाम फुटला होता. १०.८ ला दुसरा कानठळ्या बसवत उडाला आणि आम्ही बर्नर बंद केला. थंड झाल्यावर पहिला उतरवला, तर त्याच्या बॉडीतून तांबडं पाणी भळकन माझ्या बुटांवर आलं. बॉडीच्या तळाला एक छोटं ड्रेनचं भोक असतं. त्यात कोणीतरी लाकडाची खुंटी ठोकून वरून रंग मारला होता. त्या भोकातून खाली पॅनेलवर थेंब पडायचे, म्हणून. वर छपराबाहेर पाइपाचं तोंड आभाळाकडे उघडं. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, आणि त्यातला वाटेत आलेला सगळा त्या पाइपातून व्हॉल्व्हमध्ये उतरत राहिला. डिस्क होल्डर आणि तो ज्यात सरकतो ते गाइड गंजून एकजीव झाले होते. दाब कितीही चढला असता तरी तो उघडला नसता.

दुसरा व्हॉल्व्ह नसता तर, हा विचार मी आजही टाळतो.

तेव्हा ड्रेनचं भोक कायम उघडं ठेवा. थेंब अडचणीच्या जागी पडत असतील तर तिथून बारीक नळी काढून सुरक्षित जागी सोडा, मध्ये कॉक न लावता. बाहेरच्या पाइपचं टोक तिरपं कापा, किंवा ड्रिप पॅन असलेला एल्बो लावा म्हणजे पाणी व्हॉल्व्हकडे उतरणारच नाही. घट्ट टोपी बसवू नका. मे महिन्याच्या शेवटी शिडी लावून ते टोक स्वतः बघा: पक्ष्याचं घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, सगळं तिथे सापडतं. वास्को-मुरगावकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर असाल तर उघड्या स्प्रिंगचीही पाहणी करा.

६. तपासणी: लिव्हर, स्टीम टेस्ट, बेंच

व्हॉल्व्ह हाताने उचलून बघायला त्याला लिव्हर असतो. तो ओढून बघायचा तो बॉयलरमध्ये सेट प्रेशरच्या निदान ७५ टक्के दाब असतानाच. कमी दाबावर ओढला तर वाफेचा जोर नसल्यामुळे सीटवरची घाण धुऊन जात नाही, उलट मध्ये चिरडली जाते. सावकाश ओढा, पूर्ण उघडू द्या, एका दमात सोडा. किती दिवसांनी ओढायचा ते माहितीपुस्तकात आणि तुमच्या कारखान्याच्या पद्धतीत दिलेलं असतं.

लिव्हरने एवढंच कळतं की व्हॉल्व्ह हलतो. तो बरोबर दाबाला उघडतो का, हे कळायला प्रत्यक्ष दाब चढवून किंवा बेंचवर, म्हणजे व्हॉल्व्ह उतरवून टेस्टच्या टेबलावर, टेस्ट घ्यावी लागते. बेंचवर सेट प्रेशर तपासल्यावर दाब ९० टक्क्यांवर आणून सीट गळते का तेही बघतात. हवेवर टेस्ट असेल तर बाहेरची नळी पाण्यात बुडवून बुडबुडे मोजतात. बेंचला पाठवलात तर शक्यतो स्वतः जा. दाखल्यावरचा सिरियल नंबर आणि व्हॉल्व्हवरचा एकच आहे ना, शिशाचं सील तुमच्यासमोर लागलं ना, हे डोळ्यांनी बघा.

वार्षिक पाहणी पणजीच्या आल्तिनोवरच्या कारखाने व बॉयलर निरीक्षणालयाकडून होते. कायदा आता २०२५ चा आहे, १९२३ चा जुना गेला. निरीक्षक येण्याआधी वर दिलेले कागद एका फाइलीत लावून ठेवलेत तर अर्धा दिवस वाचतो.

सापळा, सगळ्यात जीवघेणा: हायड्रो टेस्टला, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या टेस्टला, दाब चालू दाबाच्या वर न्यायचा असतो, म्हणून व्हॉल्व्ह काढून जागा ब्लँक, म्हणजे बंद, करतात किंवा गॅग नावाचा स्क्रू लावून स्पिंडल दाबून ठेवतात. टेस्ट संपते, सगळे चहाला जातात, गॅग तसाच राहतो. गॅग लावणाऱ्याने लाल टॅग बांधायचा, लॉगबुकात वेळ लिहायची, आणि काढल्यावर त्यानेच सही करायची. आमच्याकडे गॅगचा स्क्रू शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर दिसल्याशिवाय बर्नरची चावी मिळत नाही.

७. व्हॉल्व्ह गळत असेल तर

ओठ मिटून फुंकर घातल्यासारखा बारीक सुस्कारा ऐकू येतो. बाहेरच्या पाइपवर टेंपरेचर गन धरा. कोरडा, बंद व्हॉल्व्ह असेल तर पाइप थोड्या अंतरावर निवलेला असतो. गळत असेल तर लांबवर गरम लागतो.

आधी गेज बघा: सेट प्रेशरच्या फार जवळ चालवत आहात का? दाब एक किलो उतरवल्यावर सुस्कारा थांबला तर व्हॉल्व्ह ठीक आहे, तुमचा चालू दाब जास्त आहे. थांबला नाही तर लिव्हर ओढून एकदा कचरा उडवून द्या. तरीही थांबला नाही तर बॉयलर बंद करायचं नियोजन करा, सीट घासून, म्हणजे लॅप करून, नव्याने टेस्ट घ्यावी लागेल.

स्प्रिंग दाबणारा वरचा स्क्रू पाव फेरा आवळून सुस्कारा थांबतो, हे खरं आहे. म्हणूनच ते कोणीतरी करतं. पण त्या पाव फेऱ्याने सेट प्रेशर वर सरकलं, किती ते कोणाला माहीत नाही, आणि कागदावर मात्र जुनाच आकडा. सील तुटलेलं दिसलं की तो व्हॉल्व्ह टेस्ट न झालेला धरा, मग कोणी काहीही सांगो.

८. व्हॉल्व्ह उडाला तर

पळू नका, आणि त्याच्याकडे चढूही नका. बर्नर किंवा इंधन बंद करा. लाकडावर चालणारा बॉयलर असेल तर भरण थांबवा, पंखे बंद करा. बॉयलरच्या गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी बघा. पाणी दिसत असेल तर फीड पंप चालू राहू द्या. पाणी दिसतच नसेल तर पंप चालू करू नका, तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी पडणं फार वाईट. अशा वेळी आग बंद करून सगळ्यांना बाहेर काढा आणि इनचार्जला बोलवा. दाब उतरल्यावर व्हॉल्व्ह आपोआप बसेल. बसला नाही, सुस्कारत राहिला, तर पायरी ७.

पॅनेलवरच्या दिव्यावर विसंबू नका. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. ऑपरेटरना वाटलं व्हॉल्व्ह मिटला. तुम्ही पाइपकडे बघा, कान द्या.

विषारी किंवा पेटणारा माल असलेल्या प्लांटमध्ये आणखी एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा: हा व्हॉल्व्ह उडाला तर माल जातो कुठे? भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला होता. वायू धुऊन काढणारा पुढचा स्क्रबर त्या वायूला पुरा पडला नाही आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन दुरुस्तीसाठी तोडलेली होती. तेव्हा बाहेरच्या पाइपाबरोबर शेवटपर्यंत चालत जा.

व्हॉल्व्ह उडाल्यावर लॉगबुकात चार ओळी लिहायच्या: वेळ, किती दाबाला उघडला, किती दाबाला बसला, त्या वेळी लोड काय होता. उघडल्या-बसल्याचे आकडे पुढच्या वेळी पाच मिनिटांत सांगतात की स्प्रिंग मऊ पडली की कोणी स्क्रू फिरवला. रात्रपाळीला उडाला तर सकाळच्या माणसाला तोंडी सांगा, आणि बाहेर पडण्याआधी त्याला घेऊन एकदा वर चढून सील दाखवा.